टॉवेलमावशींची उडी

पोहायच्या तलावावर नोकरी करणाऱ्या बाईला पोहता येत नाही, ही गोष्ट टॉवेलमावशींनी कधी लपवून ठेवली नव्हती. कुणी विचारलंच तर त्या म्हणायच्या, बँकेतला शिपाई काय तिजोरीचा मालक असतो? विचारणारी हसायची आणि विषय तिथेच मिटायचा.

पाण्याचं आणि त्यांचं लहानपणापासून वाकडं. घरी बादली काठोकाठ भरली तरी ही चार हात लांबून नळ बंद करते, असं त्यांचे यजमान सांगायचे. यजमान मेकॅनिक, आणि गॅरेजमध्ये बसून प्रत्येक गोष्ट फुगवून सांगायची त्यांना सवय, तेव्हा त्यातलं निम्मं सोडून द्यावं. उरलेलं निम्मंही पुरेसं होतं. इतक्या वर्षांच्या नोकरीत मावशींनी तलावात पायाचा अंगठासुद्धा बुडवला नव्हता. काम मात्र अगदी काठावरचं. उथळ बाजूच्या पायऱ्यांपाशी त्यांची प्लॅस्टिकची निळी खुर्ची, शेजारी टॉवेलांची चळत, कमरेला कपाटांच्या किल्ल्यांचा जुडगा आणि हातात फरशीवरचं पाणी ओढायचा वायपर. दुपारची वेळ फक्त बायकांची असे, आणि त्या वेळेत काठावर मावशींचं राज्य. ओल्या फरशीवर कुणी धावलं की मावशी नुसत्या बघायच्या, आणि धावणारी चालायला लागायची.

आता त्यांना टॉवेलमावशी का म्हणत, ते सांगायला हवं. टॉवेल काय, कुणीही देईल. पण दुपारच्या वेळेला अशा बायका यायच्या, की ज्या पोहण्याचा पोशाख घालून कपडे बदलायच्या खोलीच्या दारापर्यंत येत आणि तिथेच खिळून उभ्या राहत. दारापासून पायऱ्यांपर्यंत अंतर काय ते थोडंसं, पण ते सगळ्यांच्या देखत चालायचं त्यांच्या जिवावर यायचं. कुणाला सुटलेलं पोट लपवायचं असे, कुणाला ऑपरेशनचा व्रण, कुणाला नुसतं आपलं वय. मावशी मग सगळ्यांत मोठा टॉवेल उचलायच्या, दोन्ही हातांनी पडद्यासारखा आडवा धरायच्या आणि स्वतःचं तोंड दुसरीकडे वळवून तिच्या बाजूनं चालू लागायच्या. बाई पायरी-पायरीनं गळ्यापर्यंत पाण्यात गेली की मगच टॉवेलाची घडी व्हायची. बाहेर येताना पुन्हा तेच. हे काम त्यांच्या नेमणुकीत कुठे लिहिलेलं नव्हतं आणि त्यांना ते करायला कुणी सांगितलंही नव्हतं.

गणिताच्या बाई अशाच आल्या होत्या. शाळेत शिकवणाऱ्या, आवाज खणखणीत, पण लहानपणी उकळतं पाणी सांडून सगळी पाठ भाजलेली. पहिल्या दिवशी त्या वेळ संपेपर्यंत आत बाकावर बसून राहिल्या आणि घरी गेल्या. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी मावशी टॉवेल घेऊन आत गेल्या आणि म्हणाल्या, “चला, मी आहे मध्ये.” बाई उठल्या. आता त्या इतक्या सुरेख पोहतात की बाकीच्या पोहायचं थांबून बघत राहतात, आणि पाठ उघडी आहे हे त्यांच्या लक्षातही नसतं.

त्या दिवशी शाळांना सुट्टी होती. आयांबरोबर पोरीही आलेल्या, त्यामुळे काठावर नुसता कलकलाट. जीवरक्षक म्हणून दुपारी एक तगडी मुलगी असे. तिच्या तोंडात सदानकदा शिट्टी, म्हणून सगळ्या तिला शिट्टीच म्हणत. शिट्टी तेव्हा खोल टोकाला, उडी मारायच्या फळीवर ढकलाढकली करणाऱ्या मोठ्या मुलींना दम देत होती. मावशी धुतलेल्या टॉवेलांचा भारा छातीशी धरून तलावाच्या मधल्या बाजूनं येत होत्या. एक छोटी मुलगी, लाल पोशाखातली, उथळ बाजूकडून भिंत धरून धरून मधोमध येऊन पोचली होती. तिची आई केस बांधायला नुकतीच आत गेलेली. मुलीचा हात भिंतीवरून सुटला. ती ओरडली नाही, तिनं हात मारले नाहीत, पाणीसुद्धा उडालं नाही. बुडणारं माणूस आरडाओरडा करतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी बुडणारं माणूस पाहिलेलं नसतं. मुलगी होती, आणि मग नव्हती.

मावशींनी हाक मारली नाही. भिंतीवर टांगलेली लांब काठी काढली नाही. हातातले टॉवेल खाली ठेवण्याचीही तसदी घेतली नाही. गणवेश, चपला, किल्ल्यांचा जुडगा आणि टॉवेलांचा भारा, अशा सगळ्या लवाजम्यासह त्या पाण्यात गेल्या.

त्या जागी पाणी मावशींच्या डोक्यावर हातभर होतं. त्या सरळ खाली गेल्या, पाय तळाला लागले, आणि डोळे उघडले तर समोर लाल काहीतरी. त्यांनी दोन्ही हातांनी ते धरलं आणि डोक्यावर उचललं. खाली मावशी, त्यांच्या हातांवर मुलगी, आणि मुलीचं डोकं पाण्याबाहेर. तलावाच्या मध्यात पाण्यातून एकदम एक पोर वर आलेली पाहून शिट्टीच्या तोंडची शिट्टी गळून पडली. तिनं सूर मारला. मुलीला काठावर ठेवून ती पुन्हा आत गेली आणि मावशींना बाहेर काढलं. तोवर मुलीनं भोकाड पसरलं होतं. इतकं गोड रडणं आपण आयुष्यात ऐकलं नाही, असं तिथल्या बायका नंतर सांगत. मावशी खोकल्या, पुष्कळ पाणी ओकल्या, आणि त्यांचं पहिलं वाक्य होतं, “सगळे टॉवेल भिजले की गं.”

सगळ्या हसल्या, रडल्या. मुलीच्या आईनं मावशींचे दोन्ही हात धरले आणि कपाळाला लावले.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण तलावाच्या व्यवस्थापिका होत्या मॅडम. मॅडम वरच्या मजल्यावर काचेच्या खोलीत बसत. इस्त्रीचे कपडे, पॉलिश केलेले काळे बूट, आणि खाली काठावर त्या सहसा येत नसत. त्यांनी मावशींना वर बोलावलं, बसायला सांगितलं, गरम चहा दिला आणि मग विचारलं, पोहता येत नव्हतं तर उडी का मारली? ओरडायचं होतं, काठी पुढे करायची होती. मावशींनी खूप विचार केला. पोर दिसेनाशी झाली, एवढंच त्यांना सांगता आलं. ते तुम्ही मघाशीच सांगितलंत, मॅडम म्हणाल्या, मी विचारतेय की तुम्ही का गेलात. मावशींनी पुन्हा विचार केला आणि पुन्हा तेच सांगितलं.

मॅडम वाईट नव्हत्या, हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर वाचणारे लगेच बाह्या सरसावतात. त्यांच्या हाताखालच्या तलावात एका दुपारी दोन जीव गेले असते. त्या विचारानं त्यांची झोप उडाली होती, आणि झोप उडालेलं माणूस नियम करतं. दुसऱ्या दिवशी फलकावर कागद लागला. ज्यांना या टोकापासून त्या टोकापर्यंत, मध्ये कुठेही न धरता, पोहता येत नाही, अशा कर्मचाऱ्यांना तलावाच्या काठावर काम करता येणार नाही. महिनाअखेरीस परीक्षा. काठावर काम करणाऱ्या बाकी सगळ्यांना पोहता येत होतं. कागद एकट्या मावशींसाठी होता. तोवर त्यांनी तळघरात, कपडे धुवायच्या यंत्रांपाशी काम करायचं होतं, आणि परीक्षेत जमलं नाही तर कायमचं.

पगार तोच. तळघर उबदार, बसायला बाक, डोक्याला ताप नाही. यजमान म्हणाले, बरंच झालं, सुटलीस. मावशींनाही पहिले दोन दिवस तसंच वाटलं.

माणसानं काही चांगलं केलं की आजूबाजूच्यांना चैन पडत नाही. वाईट केलं तर कुणी कारण विचारत नाही, जगाची रीतच आहे म्हणतात. पण कुणी कुणासाठी पाण्यात उडी घेतली की लगेच सगळे कारण शोधायला निघतात. तळघरात मावशींना भेटायला येणाऱ्या प्रत्येक बाईकडे एक कारण होतं. एक म्हणाली, पुण्य लागतं. मावशी म्हणाल्या, तेव्हा डोक्यात पुण्य काय, पापसुद्धा नव्हतं. दुसरी म्हणाली, आईचं काळीज. मावशींना मूलबाळ नव्हतं, तेव्हा दुसरीनं जीभ चावली. तिसरीनं कुठल्याशा मासिकात वाचलं होतं, की दुसऱ्याला लागलेलं पाहिलं की आपल्याही मेंदूत तीच जागा दुखते, आपला आणि परका हे मेंदूला त्या क्षणी कळतच नाही. हे मावशींना पटल्यासारखं झालं. “असेल बाई,” त्या म्हणाल्या, “पण मग मला पोहता येत नाही, हे तरी त्याला कळायला हवं होतं.”

घरी यजमानांनीही विचारलं. इतर वेळी बडबड करणारा माणूस, पण एका रात्री त्यांनी दिवा मालवायच्या आधी, पाठ फिरवून विचारलं, की मी इकडे एकटा राहिलो असतो, हे मनात आलं नाही का? मावशींच्या डोळ्यांत पाणी आलं. नाही आलं, त्या म्हणाल्या. खोटं बोलायला हवं होतं, पण तेही सुचलं नाही.

मग एक दिवस गणिताच्या बाई तळघरात आल्या. यंत्रांची घरघर चालू होती, त्यामुळे जवळ येऊन बोलावं लागलं. त्यांनी सांगितलं, वर एक नवीन बाई आली होती. तरुण. छातीचं ऑपरेशन झालेली, आखडलेल्या हातासाठी डॉक्टरांनी पोहायला सांगितलेली. ती दारापर्यंत आली, उभी राहिली. काठावर आता दुसरी बाई होती, ती खिडकीतून टॉवेल देई आणि तिचं काम तिथे संपे. नवीन बाई थोडा वेळ थांबली आणि परत आत गेली.

“मी का नाही धरला टॉवेल, असं विचारू नका,” गणिताच्या बाई म्हणाल्या. “मी पाण्यात होते. बाहेर यायला मलाच पडदा हवा होता.”

मावशी यंत्राकडे वळल्या. यंत्रातून टॉवेल काढले, झटकले, घड्या घातल्या. ती तरुण बाई त्यांनी पाहिली नव्हती, तिचं नावगाव ठाऊक नव्हतं, पण दारातून तिचं मागे फिरणं त्यांना डोळ्यांसमोर असं दिसलं की हातातली घडी मोडली. शेवटी त्यांनी विचारलं, “माझ्या वयाच्या बाईला येतं का हो पोहायला?”

“शिकवणारी कोण आहे त्यावर आहे,” बाई म्हणाल्या.

दुपारची वेळ संपली की तलाव साफसफाईपुरता रिकामा असे. तेव्हाच शिकायचं ठरलं, आणि शिट्टीही शिकवायला तयार झाली. पहिल्या दिवशी मावशी उसना पोशाख घालून कपडे बदलायच्या खोलीच्या दारापर्यंत आल्या आणि तिथेच खिळल्या. तलावात चिटपाखरू नव्हतं. तरी पाय उचलेना. इतक्या बायकांना त्यांनी इथून नेलं होतं, पण इथे उभं राहून काय वाटतं, ते त्यांना आज कळलं. गणिताच्या बाईंनी मोठा टॉवेल उचलला, आडवा धरला आणि मान वळवली. मावशी त्या पडद्याआडून पायऱ्यांपर्यंत गेल्या. लाज त्यांना फारशी वाटली नव्हती, पण रडू मात्र आवरेना.

शिकणं कसं झालं ते विचारू नये, पण सांगतो. मावशी बुडत. पाण्यात तरंगणं हा त्यांना सरळसरळ अन्याय वाटे. शिट्टीची पद्धत एकच, दम द्यायचा. पाय मारा, पाय मारा, मावशी, सायकल नाही ती. गणिताच्या बाईंची पद्धत समजावून सांगायची. पाणी तुम्हाला उचलायलाच बसलंय, तुम्ही त्याला उचलू देत नाही, ताठ होता, असं त्या पुन्हा पुन्हा सांगत. दोघींचं काठावर भांडण जुंपे आणि तेवढ्यात मावशी पुन्हा बुडत. घरी यजमानांनी वेगळाच वर्ग काढला. पलंगावर मावशींनी पालथं पडायचं, हात मारायचे, आणि त्यांनी पाय धरून गुडघ्यातून वाकवायचे. इंजिनाचा पिस्टन कसा चालतो, ते त्यांनी या निमित्तानं बायकोला पहिल्यांदा सविस्तर समजावलं. पलंगाचा एक पाय मोडला, तेव्हा वरच्या मजल्यावरचे शेजारी धावत खाली आले आणि दारात हा प्रकार बघून गुपचूप परत गेले.

पण हळूहळू जमायला लागलं. आधी श्वास, मग तरंगणं, मग चार हात पुढे जाणं. उथळ भागात मावशी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत आडव्या जाऊ लागल्या. दिसायला ते पोहणं म्हणजे पिठात हात घालून कणीक मळल्यासारखं, पण पुढे सरकत होतं हे खरं. अडचण पुढे होती. तलावाच्या मध्याच्या थोडं अलीकडे, जिथे तळ खाली उतरायला लागतो आणि पांढऱ्या फरशीची निळी फरशी होते, तिथे पोचलं की मावशी थांबायच्या. पाय खाली टाकून उभ्या राहायच्या. दर वेळी तिथेच. शिट्टीनं दम दिला, बाईंनी समजावलं, मावशींनी स्वतःला शिव्या घातल्या. निळी फरशी आली की त्यांना खाली लाल काहीतरी दिसायचं आणि पाय आपोआप तळ शोधायला लागायचे.

महिना संपत आला होता. त्या तरुण बाईला गणिताच्या बाईंनी फोन करून थोपवून धरलं होतं, महिनाअखेरीनंतर या, तोवर मनातून काढून टाकू नका. हे मावशींना ठाऊक होतं, आणि रोज त्या त्याच फरशीशी उभ्या राहत होत्या. एके दिवशी शिकवणीच्या वेळी ती छोटी मुलगी आईबरोबर आली. त्या दिवसानंतर ती पहिल्यांदाच तलावावर येत होती. पाण्यापासून लांब, भिंतीला टेकून ती बघत राहिली. मावशी पोहत आल्या, निळ्या फरशीशी थांबल्या, उभ्या राहिल्या. पुन्हा मागे गेल्या, पुन्हा आल्या, पुन्हा उभ्या राहिल्या. मुलीनं थोडा वेळ हे पाहिलं आणि मग काठावर येऊन वाकली.

“मावशी, तिथं खाली काही नाहीये,” ती म्हणाली. “मी बघून आलेय.”

तिची आई चपापली. शिट्टीनं श्वास रोखला. मावशींनी मुलीकडे पाहिलं. ती अगदी गंभीर होती, एखाद्यानं रस्ता सांगावा तशी. मावशींना आधी हुंदका आला, मग हसू आलं. खरंच की. खाली काही नव्हतं. जे होतं ते इथे काठावर उभं राहून त्यांना वाट सांगत होतं. मावशी मागे फिरल्या, पायऱ्यांपासून निघाल्या आणि निळ्या फरशीवरून पुढे गेल्या. थोड्याच पुढे, मग शिट्टीला धरावं लागलं. पण गेल्या.

परीक्षेच्या दिवशी दुपारच्या सगळ्या बायका आल्या. ज्यांची वेळ नव्हती त्याही आल्या. मॅडम वरून खाली उतरल्या आणि खोल टोकाला, लोखंडी शिडीच्या वर, हातात कागदाचं पॅड घेऊन उभ्या राहिल्या. नियम त्यांनी पुन्हा वाचून दाखवला. मध्ये भिंत धरायची नाही, दोरी धरायची नाही, कुणी हात लावला तर परीक्षा संपली. शिट्टी लांब काठी घेऊन काठाकाठानं चालणार होती. मॅडमच्या तोंडावर काही दिसत नव्हतं. बायकांना वाटलं, हिला मावशी नापास व्हायलाच हव्या आहेत. तसं नव्हतं, पण माणसाच्या चेहऱ्यावरून काय काय काढावं याला धरबंध नसतो.

मावशी निघाल्या. सुरुवात चांगली झाली. काठावर कुणी बोलेना. पांढरी फरशी संपली, निळी आली, आणि मावशी थांबल्या नाहीत. बायकांनी सुस्कारा सोडला. पण त्यानंतरचं पाणी मावशींना नवीन होतं. हात जड झाले. श्वास घेताना एकदा तोंडात पाणी गेलं, दुसऱ्यांदा नाकात गेलं. त्यांनी मान वर काढली तेव्हा काठ दिसला, आणि काठावरच्या बायका दिसल्या. गणिताच्या बाईंचे हात हवेत पाणी मागे लोटत होते. शेजारच्या दोघींचेही. मुलीची आई तोंड उघडून मावशींच्या वाटचा श्वास घेत होती. कुणाला याचा पत्ता नव्हता. काठावर कोरड्या फरशीवर उभ्या राहून त्या सगळ्या पोहत होत्या.

मावशींना ते पाहून इतकं हसू आलं की त्या बुडाल्या.

खोल भाग होता. पाय खाली गेले आणि तळ लागेना. वर पाण्यातून गढूळ आवाज येत होते. मावशींना भीती वाटली, खरी भीती. पण त्या भीतीतही बाईंचं ते कंटाळा येईपर्यंत ऐकलेलं वाक्य आठवलं, आणि त्यांनी ताठ व्हायचं सोडून दिलं. अंग सैल केलं. पाण्यानं थोडा वेळ विचार केल्यासारखं केलं आणि त्यांना वर आणलं. शिट्टीची काठी नाकासमोर आली होती. मावशींनी ती धरली नाही. “बाजूला घे गं,” त्या कशाबशा म्हणाल्या आणि हात मारला. मग दुसरा. मग पुन्हा. आता काठावर कुणालाच गप्प राहवेना. बायका ओरडत होत्या, शिट्टी वाजत होती, छोटी मुलगी उड्या मारत होती, आणि त्या सगळ्या गदारोळात मावशी कणीक मळत मळत, खोकत, पाणी थुंकत शेवटच्या भिंतीला जाऊन लागल्या. हात फरशीवर टेकला. जमलं होतं. आपल्या उरल्या आयुष्यात आपण आता काहीही करू शकतो, असं त्यांना त्या क्षणी वाटलं, आणि ते काही फार चुकीचं नव्हतं.

डोळ्यांतलं पाणी पुसून त्यांनी पाहिलं, तर समोर पाण्याखाली एक बूट होता. काळा, पॉलिश केलेला, नाडी नीट बांधलेला, शिडीच्या खालच्या पायरीवर. त्याच्या शेजारी दुसरा. मावशींनी मान वर केली. मॅडम शिडीवर होत्या. इस्त्रीची पँट मांडीपर्यंत भिजली होती. एका हातानं त्यांनी शिडीचा दांडा घट्ट आवळला होता, दुसरा हात पाण्यावर पुरता लांब केला होता, आणि चेहरा पांढराफटक पडला होता. कागदाचं पॅड पाण्यावर तरंगत लांब चाललं होतं.

काठावरचा ओरडा थांबला. सगळ्यांनी एकदमच पाहिलं.

“मॅडम,” मावशी धापा टाकत म्हणाल्या, “तुम्हाला पोहता येतं?”

मॅडमनी मान हलवली. “नाही.”

“मग इथं कशाला उतरलात? शिट्टी काठी घेऊन होती की.”

मॅडमनी शिट्टीकडे पाहिलं, काठीकडे पाहिलं, आपल्या भिजलेल्या पायांकडे पाहिलं. आपण इथे कसे आलो, हे त्यांना खरोखरच ठाऊक नसावं.

“तुम्ही दिसेनाशा झालात,” त्या म्हणाल्या. पुढे काहीतरी सांगायला त्यांनी तोंड उघडलं, पण पुढे काही नव्हतंच.

“एवढंच असतं बघा,” मावशी म्हणाल्या. “मलासुद्धा एवढंच सांगता येत होतं.”

मॅडमचा हात अजून तसाच पुढे होता. शिडीचा दांडा मावशींच्या अगदी जवळ होता, त्याला धरून त्या सहज वर गेल्या असत्या. त्यांनी मॅडमचा हात धरला.